डोंगरावरची चांगली हवा

गुमेर्सिंदो आर्रियागाला आयुष्यात दोनच गोष्टींची पक्की खात्री होती. एक, गाडीचा लाल रंग त्याच्यासारखा कुणालाही जुळवता येत नाही. आणि दोन, माणसाची छाती बिघडली की औषध एकच, डोंगरावरची हवा. पहिली गोष्ट खरी होती. मेक्सिको शहरातल्या त्याच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रे ठोकणारे आणि रंग मारणारेच बसलेले. तरी ठोकर बसलेला लाल दरवाजा आला की शेजारचे कारागीर तोंड वाकडं करत का होईना, तो गुमेकडेच घेऊन यायचे. दुसरी गोष्ट त्याला आईने शिकवली होती, आणि आईच्या शिकवणीवर वाद घालणाऱ्याशी गुमे बोलणंच टाकायचा.

मूळचा तो इदाल्गोच्या डोंगरातला. लहानपणी खोकला झाला की आई त्याला पाइनच्या झाडाखाली नेऊन बसवायची आणि सांगायची, घे, पोटभर घे, ही फुकट आहे. तो बराही व्हायचा. पोरं तशीही बरी होतातच, पण हे त्याला कोण सांगणार? मिसरूड फुटायच्या आत तो शहरात आला, एका रंगाऱ्याच्या हाताखाली राहिला आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने थिनरच्या वासात काढलं. नव्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून पाणी काढणारा तो डबा दिवसभर त्याच्या पायाशी उघडा असायचा. स्प्रेगन सारखी धुवावी लागते, मग झाकण कशाला लावत बसायचं? उडून जातं थोडं, जाऊ दे. हवेत गेलं की गेलं, असा त्याचा हिशोब.

त्याच्या बायकोचं नाव ओतिलिया. बाई एकेकाळी चर्चमधल्या भजनात पहिल्या रांगेत उभी राहून गायची, आणि असा सूर लावायची की पाद्रीबुवासुद्धा डोळे मिटायचे. चाळिशी उलटली आणि दम्याने तिला गाठलं. आधी वरचा सूर गेला, मग पहिली रांग गेली, मग जिन्याने दुसरा मजला गाठणं जड झालं. जीभ मात्र होती तशीच राहिली. गुमे घरी यायचा तो रात्री, जेवायचा, आणि ती काय बोलतेय ते ऐकता ऐकता खुर्चीतच घोरायला लागायचा. रविवारीसुद्धा कुणाची ना कुणाची गाडी असायचीच. मालक डॉन लिबोरियो भला माणूस होता, पण त्याच्या पंचांगात सुट्टी नावाचा वार नव्हता.

सुट्टी मिळायची ती फक्त हवा बिघडली की. पावसाआधीचे ते तापलेले महिने आले, वारा पडला, आणि चारही बाजूंनी डोंगर असलेल्या त्या शहरावर उन्हाने झाकण ठेवल्यासारखं झालं, की सरकार हवेची आणीबाणी जाहीर करायचं. शाळेतल्या पोरांना मैदान बंद. जुन्या गाड्यांना पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत रस्ता बंद. आणि रंगाच्या दुकानांना फवारा बंद. तपासणीस फिरतात म्हणून डॉन लिबोरियो शटर पाडायचा. निदान अर्धं तरी पाडायचा. आत बसून चोरून रंग मारणारे मारायचेच, आणि एरवी गुमेही त्यांतलाच. पण एक वर्षी ओतिलियाचा खोकला फार वाढला, तेव्हा त्याने मालकाला सांगून टाकलं, की आणीबाणीच्या दिवशी मी नाही, बायकोला दक्षिणेला आखुस्कोच्या डोंगरावर न्यायचंय. तेव्हापासून तो नेमच झाला.

गाडी जुनी, म्हणजे बंदीतली. मग काय करायचं? जे अर्धं शहर करतं तेच. पहाटे पाचच्या आत घर सोडायचं, दिवसभर वर राहायचं, आणि रात्री दहा वाजून गेले की उतरायचं. कायदाही मोडत नाही आणि गाडीही अडत नाही. गुमेला या युक्तीचा भारी अभिमान होता. खाली सगळे धूर गिळत बसलेत आणि आपण पाइनच्या झाडाखाली मक्याच्या पोळीत सारण घालून केलेली केसादिया खातोय, यात त्याला लॉटरी लागल्याचं सुख मिळायचं.

आता मला इथे मध्ये तोंड घालावंच लागेल, कारण गुमे काही ऐकायचा नाही. त्या शहरात छाती जाळणारी जी हवा आहे ती कुठल्याही नळकांड्यातून बाहेर पडत नाही. तिचं नाव ओझोन. आभाळात फार उंचावर असतो तेव्हा तो आपल्याला राखतो, जमिनीवर आला की आतून सोलतो. तो बनतो, आणि बनायला त्याला वेळ लागतो. सकाळी लाखो गाड्या सुटतात, त्यांचा धूर हवेत जातो. त्यात पेट्रोलची वाफ मिसळते, गच्चीवरच्या गॅसच्या टाक्यांतून झिरपणारा गॅस मिसळतो, गल्लीगल्लीतल्या उघड्या डब्यांतलं थिनर मिसळतं. वर ऊन कडक. हे सगळं मिश्रण उन्हावर हळूहळू शिजायला लागतं, आणि शिजता शिजता उत्तरेचा वारा त्याला दक्षिणेकडे ढकलत नेतो. दुपारपर्यंत ते पुरतं शिजतं, आणि तोवर पोचलेलं असतं कुठे? दक्षिणेच्या डोंगरांवर. गंमत अशी की भर चौकात, बसच्या ताज्या धुरात, तो कमी सापडतो, कारण ताजा धूर त्याला तिथल्या तिथे खाऊन टाकतो. वर डोंगरात खायला कुणी नसतं. त्याला रंग नाही म्हणून आभाळ निळंच्या निळं दिसतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते काय उगाच?

त्या मे महिन्यात आणीबाणी लागली तेव्हा ओतिलियाची आदली रात्र वाईट गेली होती. उशा रचून ती बसल्या बसल्याच झोपली होती. गुमेने अंधारात गाडी काढली, मागच्या सीटवर घोंगडी घातली, आणि तिने नेहमीसारखी ओठांना लाली लावली. तोंडाने ओढायचा औषधाचा पंप तिने पर्समध्ये टाकला, तेव्हा तो तिने एकदा कानाशी हलवून पाहिला होता. गुमेला ते दिसलं होतं, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

सकाळ फार सुरेख गेली, हे खोटं नाही. वर कडाक्याची थंडी होती. एपिफानियाबाईच्या टपरीवर चूल पेटली होती, आणि दालचिनीची गरम कॉफी पिऊन ओतिलियाच्या गालांवर रंग आला. भोपळ्याच्या फुलांची एक केसादिया तिने अख्खी संपवली. खाली शहरावर तपकिरी चादर पसरली होती. गुमे ती बोटाने दाखवत राहिला, बघ ते बिचारे काय गिळतायत. ओतिलिया म्हणाली, त्या बिचाऱ्यांत तुझा मालक पण आहे, त्याच्यासाठी एक केसादिया बांधून घे. दोघं खूप हसली. एपिफानिया या दोघांना दर उन्हाळ्यात पाहत आली होती. तीही तव्यावरून हसली.

दुपारी वारा फिरला. खालून वर यायला लागला. ना वास, ना धूर. ओतिलियाने आधी डोळे चोळले, मग खोकली. गुमेला वाटलं चुलीचा धूर लागतोय. तो एपिफानियाच्या चुलीकडे रागाने बघायला लागला, आणि बायकोला उठवून उघड्या माळावर घेऊन गेला. भर उन्हात, मोकळ्या हवेत. गवतावर घोंगडी घालून त्याने तिला बसवलं. खोकला वाढला. बसून बसून छाती आखडली असेल, असं म्हणून त्याने तिला उठवलं आणि हाताला धरून चालवलं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. तरी तो आईच्याच शब्दांत सांगत राहिला, घे, पोटभर घे. आणि ती बाई घेत होती. तो सांगतोय म्हणून खांदे वर करकरून घेत होती.

तिने पंप काढून ओढला. थोडं बरं वाटल्यासारखं झालं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा आतून नुसता फुसका आवाज आला. तिने पंप हलवला, पुन्हा दाबला, आणि गुमेकडे पाहिलं. बोलायला आता श्वास पुरत नव्हता. मघाशी मालकावर विनोद करणारी ती बाई आता दोन शब्दांच्या मध्ये थांबत होती.

तिकडून एपिफानिया हात पुसत आली. तिने ओतिलियाचे ओठ पाहिले आणि गुमेला बाजूला घेतलं.

"म्हाताऱ्या, खाली ने हिला. आत्ता."

"खाली? त्या विषात?" गुमे म्हणाला. "वेड लागलंय का तुला?"

"विष आता वर आलंय. मेमध्ये दुपार झाली की मी माझ्या आईला दार लावून आत बसवते, ती काय हौस म्हणून?"

"इथं कुठं आलंय विष? आभाळ बघ."

"आभाळ काय बघायचंय. ते विष तुमचंच आहे, खालून येतं. आम्ही इथं कुठं बनवतो?"

गुमेला तिचा असा राग आला की काही विचारू नका. टपरीवर मक्याच्या तोर्तिया भाजणाऱ्या बाईने त्याला डोंगर शिकवावा? त्याचा जन्म डोंगरात झाला होता! त्याला वाटलं, आपण इथून जावं असं हिला वाटतंय, हिचं दुसरं गिऱ्हाईक बिथरतंय. त्याने ओतिलियाला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं आणि गाडी खाली न्यायच्या ऐवजी वर घेतली, जिथे रस्ता संपतो आणि झाडं दाट होतात तिथवर. करायला गेला भलं आणि झालं उलटंच. वर पोचल्यावर त्याने सगळ्या काचा खाली केल्या.

तिथे ओतिलियाने डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकले आणि पुढे वाकून बसली. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, गळ्याखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. ओठांवरची लाली तशीच होती, पण तिच्या कडेने निळसर रंग दिसत होता. गुमे रंगाचा माणूस. लाख लोकांना जो फरक दिसणार नाही तो त्याला दिसला. फोन काढला तर रेंज नाही. खालच्या गावातून मिनीबस सुटतात, पण त्या दर थांब्याला थांबत जाणार. आणि रात्रीचे दहा वाजायला अजून आख्खी दुपार आणि संध्याकाळ बाकी होती. दहाच्या आत खाली गेलो तर गाडी ओढून नेतील, हे त्याच्या मनात आलं. आलं, हे सांगायलाच हवं. क्षणभर तो किल्ली हातात धरून बसला.

मग ओतिलियाने त्याच्या दंडाला धरलं. इतक्या जोरात तिने त्याला कधीच धरलं नव्हतं. त्याने किल्ली फिरवली.

डोंगराचा उतार त्याने कसा उतरला ते त्याचं त्यालाच माहीत. वळणावळणावर तिचं डोकं त्याच्या खांद्याला लागत होतं, आणि तो एका हाताने ते सावरत होता. तो सारखं तिच्याशी बोलत होता. कधी नव्हे ते बोलत होता, दुकानातलं, गावाकडचं, त्यांच्या लग्नात बँडवाला कसा पडला होता ते. ती गप्प झाली की तो ओरडायचा, आणि तिचा श्वास वाजला की पुढचं सांगायला लागायचा. एपिफानियाच्या टपरीपुढून गाडी गेली तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने छातीवर क्रूस काढला.

जिथे डोंगराचा रस्ता शहराच्या मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे पोलीस उभा होता. त्याने गाडी बंदीतली असल्याचं काचेवरचं स्टिकर पाहिलं आणि हात आडवा केला. गुमेने गाडी थांबवली.

"आज ही गाडी रस्त्यावर कशी?" पोलीस म्हणाला.

"साहेब, गाडी ठेवून घ्या. हिला न्या फक्त."

पोलिसाने वाकून आत पाहिलं. तो मोटारसायकलवर बसला, भोंगा चालू केला आणि पुढे निघाला. आजाऱ्याच्या गाडीला बंदी नसतेच, हे गुमेला त्या दिवशी कळलं. आयुष्यभर तो कायद्याला वळसा घालत आला होता, त्यामुळे कायदा कधी विचारलाच नव्हता. भोंग्याच्या मागे, बसच्या काळ्या धुरातून, ज्या हवेला तो विष म्हणत होता त्याच हवेतून त्याने बायकोला दवाखान्यात पोचवलं. स्ट्रेचरवर घेताना तिचं डोकं एका बाजूला कललं, आणि दार त्याच्या तोंडावर बंद झालं.

बाकावर बसून गुमेने पहिल्यांदा प्रार्थना केली आणि मग शिव्या दिल्या, एपिफानियाला, वाऱ्याला आणि पंप बनवणाऱ्याला. बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. ओतिलिया जिवंत आहे, हे तिने आधी सांगितलं. थोडा उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं, हेही तिने सांगितलं. मग विचारलं, दुपारी होता कुठे?

"चांगल्या हवेत," गुमे म्हणाला. "आखुस्कोवर."

डॉक्टरीणबाई चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं, की आज आख्ख्या शहरात सगळ्यात वाईट हवा तिथेच होती. उन्हाळ्यातल्या दुपारी बहुतेक वेळा तिथेच असते. शहरात जे जे उडून जातं ते उन्हात शिजतं आणि वाऱ्याबरोबर तिकडे जातं. धूर, पेट्रोल, गॅस, रंगातलं थिनर, सगळं.

"पण आभाळ निळं होतं," गुमे म्हणाला.

"असतंच," ती म्हणाली, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

थिनर हा शब्द त्याच्या डोक्यात अडकला. हवेत गेलं की गेलं, असं म्हणणारा तो. आणि मग एकेक उन्हाळा त्याला आठवायला लागला. वरून आलं की ती दोन दोन दिवस छाती धरून बसायची. तो म्हणायचा, उंची मानवली नाही. कधी म्हणायचा, केसादिया जास्त झाल्या. एकदा तर तो तिच्यावर खेकसला होता, की तुला धड श्वाससुद्धा घेता येत नाही, एवढी चांगली हवा देतो तरी. आणि पुढच्या आणीबाणीला पुन्हा पहाटे उठवून, घोंगडीत गुंडाळून, मोठ्या प्रेमाने त्याने तिला तिथेच नेलं होतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांना थिनरचा वास येत होता, कितीतरी वर्षांनी त्याला तो आला.

संध्याकाळी त्याला आत सोडलं. ओतिलियाच्या तोंडावर मास्क होता, नळीतून प्राणवायू येत होता. ती उशीला टेकून बसली होती आणि डोळे उघडे होते. गुमे स्टुलावर बसला. काय सांगायचं ते त्याने बाकावर ठरवलं होतं, पण ते सगळं तोंडातल्या तोंडात घोटाळलं. शेवटी त्याने एका दमात सांगून टाकलं, की मीच तुला मारत होतो, दर उन्हाळ्यात, हौसेने.

ओतिलियाने मास्क थोडा खाली ओढला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"वर गेलं की बिघडतं ते. श्वास माझा आहे, मला नाही कळणार?"

गुमेचा आवाज चढला, इतका की पलीकडच्या खाटेवरच्या बाईने मान वळवली. "मग बोलली का नाहीस? एवढी जीभ आहे तुला, आख्ख्या गल्लीला पुरून उरते, आणि हे नाही बोलता आलं?"

ओतिलियाने दोन श्वास घेतले आणि मगच उत्तर दिलं. "बोलले असते तर तू दुकानात गेला असतास. शटर पाडून आत रंग मारत बसला असतास." पुन्हा एक श्वास. "तिथं दिवसभर तू माझा असायचास, गुमे. दुसरीकडे कुठं असायचास, सांग?"

गुमेने आठवून पाहिलं, खरंच आठवून पाहिलं, आणि एकही दिवस सापडला नाही. त्याला रडू फुटलं. चारचौघांत, नर्सच्या देखत, तो लहान पोरासारखा रडला, आणि ओतिलियाने त्याला थांबवलं नाही. रडून झाल्यावर त्याने बाहीने नाक पुसलं.

"उद्या मी दुकानात जाणार नाही," तो म्हणाला. "तुझ्याजवळ बसतो."

"उद्या आणीबाणी उठली तर?"

"उठली तरी."

विश्वास ठेवावा की नाही, हे काही ओतिलियाचं ठरलेलं दिसत नव्हतं. मग श्वास कमी पडायला लागला म्हणून तिने मास्क पुन्हा तोंडावर ओढून घेतला.